सहा सेलांची ज्योत

कापडे गावच्या शाळेपुढे सकाळपासून रीघ लागली होती. रांगेत आंधळे पंधरा आणि ते बघायला जमलेले डोळस दीडशे! ज्योतीबाबा आंधळ्याच्या कानशिलांवर तांब्याच्या दोन ओल्या पट्ट्या टेकवीत, "जाग ज्योती, ब्रह्मज्योती!" असं गरजत, आणि मिटल्या डोळ्यांचा माणूस किंचाळे, "दिसला! उजेड दिसला!"

बाबांचे नियम दोनच. डोळसाने पट्ट्या लावल्या तर त्याचे डोळे जातील. आणि उजेड दिसलेल्याने चाळीस दिवस डॉक्टरची सुरी डोळ्याला लावून घ्यायची नाही.

या दुसऱ्या नियमाने ललिताची पंचाईत केली. मुंबईत ती मेंदू आणि दृष्टी यांवर संशोधन करायची. आईचा मोतीबिंदू पिकला म्हणून रजा काढून आली होती. महाडच्या नेत्रशिबिराचा उद्या शेवटचा दिवस, आणि आई कमळाबाई हटून बसलेली.

"मी नाय यायची गो! मिटल्या डोळ्यांनी लख्ख दिसलं मला. वर तोंडात अमृत उतरलं!"

"गोड होतं?"

"नाय. आंबट. जीभ चुरचुरली."

ललिता थबकली. सेलला तार जोडून जिभेला टेकवायची आणि सेल जिवंत आहे की मेला ते बघायचं, हे त्यांच्या घरी लहानपणापासून चाललेलं. ती आंबट, चुरचुरती चव विसरणं शक्य नव्हतं.

ती तडक बाबांपुढे जाऊन बसली.

"पोरी, तू डोळस! डोळे जातील!"

"जाऊ देत. माझेच आहेत."

"नको गो!" मागोमाग आलेली कमळाबाई ओरडली. तोवर ललिताने पट्ट्या उचलून कानशिलांना लावल्याही होत्या.

"दिसला उजेड. तोंडही आंबट झालं," असं म्हणत तिने पट्ट्यांचा भगवा गोंडा ओढला. आतून तार निघाली, बाबांची गादी सरकली आणि सहा सेल गडगडत बाहेर आले.

"आरं, हे तर माजे!" गर्दीतला महिपती ओरडला. "रेडिओवर भजन ऐकायला म्हणून बाबानं मागून नेलेवते!"

"म्हंजे उजेड खोटा?" कमळाबाईने विचारलं.

"उजेड खरा, आई. विजेच्या धक्क्याने डोळा मेंदूला खोटा निरोप धाडतो. अशाच धक्क्यांनी ठार आंधळ्याला दाराची चौकट तरी दिसेल का, हे आम्ही शोधतोय. माझा जन्म जाईल त्यात. पण तुझा मोतीबिंदू उद्या निघतो."

कमळाबाई शिबिराला गेली. पट्टी सुटल्यावर जाड भिंगांतून तिने आधी लेकीचं तोंड दोन्ही हातांत धरून न्याहाळलं.

"हायेत गो! दोन्ही डोळे हायेत!"

आणि परतीच्या एसटीत ती ज्याला त्याला बजावत होती, "तपासू नको म्हणंल कोण, तर त्याला आधी तपासा."