दर रविवारी चार वाजता रडायचं

बाजू पहिली. सावकाश वाचावी.

काकांकडे गाण्यांच्या एकसष्ट तबकड्या. अमेरिकन सोल. फंक. ब्लूज. दर रविवारी, चार वाजता, आम्ही तिघं. काका, दातांचे डॉक्टर आणि मी, पुतणी. पडदे ओढून घेतो. ऐकतो. रडतो.

हे संगीत आम्ही दुसरीकडे कुठेच ऐकलेलं नाही. काकू तर इथेही ऐकत नाहीत. "मयताच्या घरी बसल्यासारखं काय ते," म्हणतात आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेतात.

तबकडी फिरते. खर्जातला एक बाप्या एकेक शब्द विहिरीतून ओढून काढतो. काका हात वर करतात.

"आता त्याचा श्वास ऐका. बायको गेलीय बिचाऱ्याची."

"कशावरून?" डॉक्टर विचारतात.

"माणूस असा आवाज उगाच काढतो का?"

"माझ्याकडे रोज काढतात."

येत्या रविवारी रेडिओच्या निवेदिकाबाई ऐकायला येणार होत्या. पसंत पडलं तर काकांना रेडिओवर अर्धा तास. तबकड्या काकांच्या, बोलणंही काकांचं. अठरा वर्षं काका या अर्ध्या तासावर डोळे लावून बसले होते.

ओरखडा.

शनिवारी यंत्र बंद पडलं. शनिवारी यंत्र बंद पडलं. शनिवारी यंत्र बंद पड

(कुणीतरी सुई ढकला.)

शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांना बोलावलं. त्यांनी तबकडीयंत्र उघडलं. "पट्टा तुटलाय. तुटण्याआधीही चांगलाच सैल असणार. कधीचा?"

"यंत्राबरोबरच आला. सेकंडहँड घेतलं होतं."

त्यांनी नवा पट्टा चढवला. "लावून बघता?"

"आज नको," काका म्हणाले. "उद्या पाहुण्यांसमोर रडू आटलं म्हणजे?"

बाजू दुसरी. एका दमात.

रविवारी बाई आल्या, पडदे ओढले, काकांनी घसा साफ केला आणि म्हणाले, बाई, हा गायक पत्नीवियोगाने खचलाय, एकेक शब्द त्याला पेलत नाही, आणि सुई टेकली तोच आतून एक बाईच खणखणीत आवाजात तडतडायला लागली, मागे ड्रम, ट्रम्पेट, सगळे एकमेकांना धक्के देत धावतायत, डॉक्टर सवयीने रडायला लागले होते ते तसेच रडत राहिले, पण त्यांचा पाय थांबेना, आणि काका हात वर करून तसेच उभे.

निवेदिकाबाई काकांना म्हणाल्या, "पत्नी परत आली वाटतं."

काकांनी सुई उचलली. दुसरी तबकडी लावली. तिसरी. पाचवीपर्यंत सगळ्या खिदळत होत्या. सहावी ब्लूजची. ती मात्र योग्य वेगातही रडकीच निघाली, तेव्हा काकांच्या जिवात जीव आला.

मग ते स्टुलावर बसले. "बाई, माझ्या यंत्राचा पट्टा सैल होता, तबकडी हळू फिरायची. अठरा वर्षं मी भलतंच ऐकत होतो. या गाण्यांतलं मला काही कळत नाही. पहिली पुन्हा लावू?"

लावली. या वेळी काका बोलले नाहीत. ड्रमवाला ठोका जरासा उशिरा टाकत होता, आणि प्रत्येक उशिराला काकांची मान आपोआप पुढे जात होती.

स्वयंपाकघराचं दार उघडलं. झारा हातात घेऊन काकू. "हे इतकी वर्षं कुठे लपवून ठेवलं होतं?"

"अर्धा तास तुमचा," निवेदिकाबाई उठता उठता काकांना म्हणाल्या. "फक्त गायकांच्या बायकांना मधे आणू नका."

त्या गेल्यावर काकांनी रेडिओसाठी निवडलेल्या तबकड्या पुन्हा घड्याळ लावून ऐकल्या. आधी बरोबर तीस मिनिटं भरत होती. आता बावीस.

"आठ मिनिटं उरली," काका म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "एवढा वेळ बोलू काय? मला तर आता काहीच माहीत नाही."

"मी नाचते," काकू म्हणाल्या.

"अगं, रेडिओवर नाच दिसत नाही."

"म्हणूनच तर."