तळाचं निळं फूल

"फुलं दिसली का गं?" शेगडीपाशी उभ्या आचाऱ्याने पाठ न वळवता विचारलं.

"दिसली," त्याची बायको म्हणाली आणि हातातला अर्धा भरलेला वाडगा तिने मोरीत ओतला.

या खाणावळीतल्या प्रत्येक वाडग्याच्या तळाला एक निळं फूल रंगवलेलं आहे. गिऱ्हाइकाने सूप संपवलं तर ते दिसतं, नाही संपवलं तर नाही. लग्न झाल्या झाल्या दोघं इथे कामाला लागली, तो शेगडीवर, ती भांड्यांवर. तेव्हापासून त्याचा हा एकच प्रश्न. मालकाने पाठ थोपटली काय, न थोपटली काय, त्याला फरक पडत नसे. फुलं दिसली की गडी खूश. आणि खरं सांगायचं तर इतकी वर्षं ती दिसतही होती. उन्हाळ्यात त्याला ताप आला आणि घोटाळा झाला.

ताप उतरला, पण तोंडाची चव काही परत आली नाही. तो आपला अंदाजाने मीठ टाकत होता आणि ती आपली मोरीत ओतत होती. तुमच्या हातचं लोक टाकून उठतात, हे नवऱ्याला कोणत्या तोंडाने सांगायचं? शिवाय सांगितलं आणि तो उद्या घरी बसला, तर भिंतीकडे बघत खंगून जाईल. खोटं बोलून बोलून तीही आता थकली होती.

आज बाहेर कॅमेरेवाले आले होते. खाण्यापिण्यासाठी हे शहर एवढं नावाजलेलं कशामुळे, असं त्यांनी मालकाला विचारलं. मालकाला तेवढंच हवं होतं. ताजा बाजार, पहाटेपर्यंत जाग्या गल्ल्या, सगळं सांगून झाल्यावर तो म्हणाला, "आणि आमच्या आचाऱ्याचा हात." आत आचाऱ्याने मान खाली घातली, लाजला बिचारा. तिचा मात्र जीव अर्धा झाला.

थोड्या वेळाने वाढप्याने त्या कॅमेरेवाल्यांचेच वाडगे आत आणून ठेवले. ती घाईने उचलायला गेली, तोच नवरा शेजारी येऊन उभा राहिला.

"बघू तरी," तो म्हणाला.

जेमतेम दोन-दोन चमचे सूप कमी झालं होतं. फूल एकाही वाडग्यात दिसत नव्हतं.

"कधीपासून?"

"तुमच्या तापापासून."

"रोज दिसली म्हणायचीस."

"मग काय म्हणू? तुम्हीच सांगा."

त्याने पातेल्यातलं चमचाभर सूप घेतलं, फुंकर मारून निववलं आणि तिच्या तोंडासमोर धरलं. तिने ओले हात पदराला पुसले.

"मीठ फार झालंय. पाणी घाला."

"किती?"

"घाला हो. मी सांगते."

संध्याकाळी पहिला वाडगा परत आला. त्याने काही विचारलं नाही. तिनेच आपणहून तो त्याच्यासमोर तिरका केला. फूल दिसत होतं. पातेल्याच्या काठावरून ओघळलेला थेंब त्याने बोटाने टिपला, जिभेवर ठेवला आणि जरा वेळ थांबला.

"छान झालंय," तो म्हणाला.

"झालंय ना," असं म्हणून ती वाडगा घासायला लागली.