झुकलेल्या मनोऱ्यातला ओळंबा

दोरीला टांगल्यावर मी लगेच स्थिर होत नाही. आधी मोठा झोका घेतो, मग त्याहून लहान, मग अगदी इवलासा. गंमत अशी, की मोठ्या झोक्याला जेवढा वेळ लागतो, जवळजवळ तेवढाच लहान झोक्यालाही लागतो. घाई केली तर मी चुकीचं सांगतो, म्हणून माझे मालक घाई करत नाहीत.

मित्रांनो, मी गवंड्याचा एक जुना ओळंबा आहे. दिसतो भोवऱ्यासारखा, पण फिरत नाही, नुसता लोंबतो. भिंत सरळ उभी आहे की नाही, एवढंच मला कळतं.

एका लेथच्या दुकानात जुने पितळी नळ वितळवून मला ओतलं. कारागिरानं मला कातून गुळगुळीत केलं आणि माझ्या मालकांच्या, म्हणजे गवंडीकाकांच्या, हातात ठेवत म्हटलं, "घ्या. हा कुणाची भीडभाड ठेवणार नाही."

आमचं खोरं लहान, पण यात्रेकरूंचा राबता मोठा. नदीकाठी देऊळ आहे, चढावर विहार, पुलापलीकडे गुरुद्वारा, आणि बाजाराच्या टोकाला चर्च आणि मशीद एकमेकांना खेटून. सगळीकडची डागडुजी काकांकडे. देवळात माझ्या दोरीला फुलं अडकायची. विहारात इतकी शांतता, की दोरी भिंतीला घासलेलीही ऐकू यायची. गुरुद्वाऱ्याच्या स्वयंपाकघरात तर काका भिंत बांधता बांधता चांगलेच सुटले! मला मात्र कुठेही टांगा, माझं टोक पृथ्वीच्या पोटाकडेच वळायचं. ते दिवस फार सुखाचे होते.

पुढे काकांची मुलगी शिकून मोजणीच्या कामाला लागली आणि तिनं भिंतीचा सरळपणा दाखवणारं लाल किरणाचं यंत्र आणलं. मी खिळ्यांच्या डब्यात गेलो. तिथे अंधार आणि गंज. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग चर्चचा मनोरा झुकला. तोही मशिदीच्या अंगणाकडे. दुपारी त्याच्या सावलीत मुलं धडे गिरवायची. तिथे आता दोर बांधून जागा बंद झाली. हादरा नको म्हणून घंटाही गप्प झाली. पाडायचा की ठेवायचा, हे काकांनी ठरवायचं होतं.

काकांनी पाया भरून घेतला आणि भेगांवर काचेच्या पट्ट्या चिकटवल्या. भेग जराशी जरी हलली, तरी काच तडकते. मुलीचं यंत्र ती शहरातून येई तेव्हाच यायचं. रात्रंदिवस लोंबायला कुणीतरी हवं होतं. डबा उघडला! मनोऱ्याच्या छतापासून मला सोडलं आणि माझ्या टोकाखाली फरशीत एक खिळा ठोकला. मनोरा आणखी झुकला, तर माझं टोक त्या खिळ्यावरून सरकणार होतं.

उन्हाळा गेला, पाऊस गेला, थंडी गेली. काका यायचे, वाकून बघायचे आणि म्हणायचे, "बघू अजून."

"फादर, तुमचा मनोरा आमचं ऐकायला वाकलाय," मौलवीसाहेब चहा घेताना म्हणायचे.

"ऐकू द्या की. माझ्या प्रवचनात त्याला झोप यायची."

हसायचे दोघं, पण हसून झालं की नजर वरच जायची.

मित्रांनो, एखादी जुनी वास्तू वाकलेली दिसली, तर लगेच तिला मोडकी म्हणू नका. तिच्यापाशी थांबा, तिला नीट निरखा, तिच्या भेगा बुजवा. म्हातारपण आणि पडझड यांत फरक असतो. तो सवडीनं पाहिल्याशिवाय कळत नाही.

वर्ष भरलं त्या सकाळी काका आले. सोबत मुलगी होती, आणि जेवणाचा डबा घेऊन काकूही. काकांनी एकेक काच बोटानं चाचपली. सगळ्या अखंड. मग ते गुडघ्यावर बसले. माझं टोक खिळ्यावरच होतं.

"बाबा, माझ्याही मापात फरक नाही," मुलगी म्हणाली.

काका खिळ्यावरून नजर काढेनात.

"अहो, हिचं लग्न तुम्ही एका चहात ठरवलंत," काकू म्हणाल्या. "आणि या मनोऱ्यापायी अख्खं वर्ष?"

"लग्न मोडलं असतं तर कुणाच्या डोक्यावर पडलं नसतं," काका हळूच म्हणाले. "खाली पोरं बसतात गं."

"म्हणून तर पाया भरलात, काचा लावल्यात. अजून काय हवंय तुम्हाला?"

काकांनी माझी दोरी दोन बोटांत धरून जराशी हलवली. तो हेलकावा दोरीतून उतरून माझ्यापर्यंत आला. मी हललो, आणि पुन्हा सावकाश थांबलो. मी थांबेपर्यंत काका बघत राहिले. मग उठून, गुडघे झटकून, दाराबाहेर आले. अंगणात फादर आणि मौलवीसाहेब शेजारी शेजारी उभे होते. मुलं दोराला रेटून मान वर करून पाहत होती.

काकांनी एकवार सगळ्यांकडे पाहिलं.

"पाडायचा नाही," ते मोठ्यानं म्हणाले. "मौलवीसाहेब, तो दोर सोडा, पोरांना सावलीत बसू द्या. आणि फादर, घंटा वाजवा!"