विकतचं टिपूस

ऑपरेशनला दहा आठवडे झाले, तरी छोटीचा डावा डोळा रडायचा थांबेना.

छोटी हे तिचं माहेरचं नाव. वय चौपन्न, वजन विचारू नये, नोकरी पोस्टाच्या तक्रार खिडकीवर. पण घरात सगळ्यांत शेवटी जन्माला आलेल्या माणसाला ही पदवी जन्मभर पुरते. तर या छोटीच्या डाव्या डोळ्याची खालची पापणी गालाकडे ओढली गेली होती. आतला लाल काठ दिसायचा, डोळा पुरता मिटायचा नाही, आणि पाणी जायच्या वाटेने न जाता सरळ गालावर उतरायचं. कुणी विचारलं तर ती सांगायची, "ॲलर्जी." कशाची म्हटलं तर, "धुळीची."

खरं तर ॲलर्जी होती ती एका फोटोची. मागच्या वर्षी एका नातेवाइकाकडे सगळे जमले होते, तिथे कुणीतरी घोळक्याचा फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. त्यात छोटी होती, आणि छोटीच्या डोळ्यांखाली दोन भरलेल्या पिशव्या होत्या. आठवडाभराचा बाजार मावला असता. फोटोखाली तिच्या मोठ्या बहिणीने, ताईने, लिहिलं होतं: "छोटी फार दमलेली दिसते. काळजी घे म्हणावं."

म्हणावं! छोटी त्याच ग्रुपमध्ये होती. तिला सरळ "काळजी घे" लिहिलं असतं तर काही बोटं झिजली नसती. पण ताई तिच्याशी बोलत नव्हती ना, म्हणून मग "म्हणावं". कुणी म्हणावं, भिंतीने? त्या एका शब्दावर छोटी कितीतरी दिवस धुमसत राहिली.

ताई बोलत नव्हती त्याला कारण होतं. तीन वर्षांपूर्वी आई गेली. ताई धाय मोकलून रडली. छोटी मात्र दवाखान्याचे कागद, गाडी, नातेवाइकांचे फोन, कुणाला कुठल्या खोलीत झोपवायचं आणि कुणाचा चहा बिनसाखरेचा, यात गळ्यापर्यंत बुडालेली. चौथ्या दिवशी भरल्या स्वयंपाकघरात, चार जणांच्या देखत, ताई म्हणाली, "आई गेली, पण हिच्या डोळ्यातून टिपूस आलं नाही. दगड आहे नुसता." छोटीही काही कमी नव्हती. "रडायला तू होतीस की," ती म्हणाली, "कामाला कुणी नको?" तिथून दोघींचा अबोला सुरू झाला.

मग चार महिन्यांपूर्वी भाचीचा फोन आला. ताई शाळेची मुख्याध्यापिका होती, आता निवृत्त होणार होती, आणि शाळेत निरोपाचा कार्यक्रम होता. "मावशी, तू यायचंच," भाची म्हणाली. "नाही आलीस तर मीही बोलणं टाकीन. मग बसा दोघी तोंडं फुगवून."

जायचं तर छोटीला होतंच. असं कुणीतरी दरडावून बोलवायची ती तीन वर्षं वाटच बघत होती. आईच्या मागे तिला एवढी एकच ताई उरली होती, आणि आईबद्दल काही आठवलं की सांगायला दुसरं माणूस नव्हतं. पण त्या पिशव्या घेऊन जायचं? म्हणजे ताई पुन्हा म्हणणार, बिचारी. समेट करायचा तर ताठ मानेने, आणि ताठ चेहऱ्याने, असं छोटीने ठरवलं. अक्कल गहाण टाकायची वेळ बहुतेक अशीच, फार विचार करून ठरवताना येते.

डॉक्टर तिशीतले आणि स्वतः अगदी गुळगुळीत होते. "तासाभराचं काम, मॅडम. सहा आठवड्यांनी कुणाला कळणारसुद्धा नाही," ते म्हणाले. धोके कागदावर बारीक अक्षरात लिहिलेले होते. बावीस वर्षं खिडकीत बसून छोटीने लोकांना खडसावलं होतं, "आधी वाचा, मग सही करा." तो कागद तिने न वाचता सही करून परत दिला.

नवऱ्यालाही तिने खरं सांगितलं नव्हतं. डोळे तपासायला म्हणून गेली आणि दोन काळेनिळे डोळे घेऊन घरी आली. शेजारणीने जिन्यात तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या नवऱ्याकडे पाहिलं, आणि दार लावून घेतलं. तो बिचारा मुंगीच्याही वाटेला न जाणारा माणूस. पुढचा आठवडाभर भेटेल त्याला आपण होऊन सांगत सुटला, "मी काही केलेलं नाही," आणि त्याने संशय आणखी पक्का झाला.

सूज उतरली, काळंनिळं गेलं, उजवा डोळा बरा झाला. डावा बसला तो बसलाच. झोपेतही तो अर्धा उघडा राहायचा.

"अगं, तू जागी आहेस असं समजून मी काल अर्धा तास पाण्याच्या टाकीबद्दल बोलत होतो," नवरा एका सकाळी म्हणाला.

"मग?"

"मग काय, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा तू मध्ये तोडलं नाहीस."

घरची ही तऱ्हा, तर पोस्टात वेगळीच. तिथे तिला सगळे "मॅडम शिक्का" म्हणत. तक्रार ऐकायची, अर्जावर शिक्का मारायचा, "पुढचा" म्हणायचं, अशी तिची ख्याती. एका सोमवारी एक आजोबा चेपलेलं पार्सल घेऊन तावातावाने आले. मुलीने काचेचा दिवा पाठवला होता आणि आता खोक्यातून नुसता खुळखुळ आवाज येत होता. "हे काय हे?" म्हणून त्यांनी खोकं आपटलं. छोटीने मान वर केली. डाव्या डोळ्यातून एक थेंब निघाला आणि सावकाश हनुवटीपर्यंत गेला.

आजोबा चपापले. "अहो, दिवाच होता," ते म्हणाले. "एवढं मनाला लावून घेऊ नका, बाई." त्यांनी अर्ज भरलाच नाही. जाताना खिडकीच्या फळीवर एक लिमलेटची गोळी ठेवून गेले.

महिनाभरात बातमी पसरली. लोक दुसऱ्या खिडक्या सोडून तिच्याकडे यायला लागले, आपापली दुःखं सांगायला लागले. तिचा थेंब पडला की त्यांचं समाधान व्हायचं. पोस्टमास्तर खूश. "मॅडम, तुमच्यात केवढा फरक पडलाय," ते म्हणाले. "उत्कृष्ट सेवेसाठी तुमचं नाव वर पाठवतोय." इतकी वर्षं इमानेइतबारे काम केलं तेव्हा कुणी ढुंकून बघितलं नाही, आणि एक पापणी काय लोंबली, बाई एकदम प्रेमळ ठरली. छोटीला हसावं की रडावं कळेना. रडायचं काम आधीच कुणीतरी अंगावर घेतलेलं होतं.

पण शनिवारचा कार्यक्रम जवळ आला तसं तिचं धाबं दणाणलं. मंगळवारी ती डॉक्टरांकडे गेली.

"जखम आतून आखडली आहे," डॉक्टर भिंग लावून म्हणाले. "कातडी थोडी जास्त गेली असावी."

"कुणी नेली?" छोटीने विचारलं.

"म्हणजे... गेली," डॉक्टर म्हणाले आणि कागदावर लिहायला लागले. वरच्या दिशेने मालिश, दिवसा थेंब, झोपताना मलम, पट्टी. सहा महिने वाट बघायची. तोवर पापणी जागेवर नाही आली, तर एक छोटी दुरुस्ती.

"सहा महिने नकोत. मला शनिवारी संध्याकाळी दोन तास कोरडा डोळा हवाय. फक्त दोन तास."

डॉक्टरांनी एक पातळ चिकटपट्टी दिली. गालावरून कानशिलाकडे ताणून लावायची, म्हणजे पापणी वर उचलली जाते.

शनिवारी छोटीने पट्टी लावली, वरून पावडर थापली आणि आरशासमोर तालीम केली. "अभिनंदन, ताई." हसू, फुलं, पाठ ताठ. पट्टीमुळे डावा डोळा जरा चकित झाल्यासारखा दिसत होता, पण निदान सुखी माणसासारखा चकित दिसत होता. ताईला कळू दे, हिचं छान चाललंय म्हणून.

सभागृहात ती दाराजवळ, शेवटच्या रांगेत बसली. भूगोलाचे सर भाषण करायला उभे राहिले आणि ताईची कारकीर्द सांगता सांगता शाळेच्या नव्या कुंपणापर्यंत पोचले. खोलीत उकडत होतं. सर कुंपणावर असतानाच पट्टीने एका टोकाने अंग सोडलं. छोटीने बोटाने दाबून धरली, तसं दुसरं टोकही सुटलं, आणि मग इतका वेळ अडवून धरलेलं सगळं पाणी एकदम आलं. तिने रुमाल काढला. शेजारच्या बाईंनी तिचा हात थोपटला.

ताई बोलायला उठली. दोन वाक्यं बोलली, तिसऱ्यात तिची नजर शेवटच्या रांगेवर गेली आणि ती थांबली. कागद उलटसुलट केला, "आभारी आहे," म्हणाली आणि खाली बसली. लोकांना वाटलं, बाईंचं मन भरून आलं. टाळ्या पडल्या.

कार्यक्रम संपल्यावर ताई गर्दीतून वाट काढत आली, छोटीचं मनगट धरलं आणि तिला आपल्या खोलीत घेऊन गेली. खोली जवळजवळ रिकामी होती. कपाटाची दारं उघडी, टेबलावर एक खोकं, त्यात ताईचा कप आणि लाल पेनांचा जुडगा. ताईने दार लोटलं.

"छोटे," ताई म्हणाली. तीन वर्षांनी म्हणाली. "तू मागे बसून सबंध वेळ रडत होतीस. मी वरून बघत होते."

छोटीने रुमाल मुठीत दाबला.

"मी तुला दगड म्हटलं. तेही सगळ्यांसमोर. माझंच चुकलं गं."

माझंच चुकलं! हे दोन शब्द छोटीने आंघोळ करताना, बसची वाट बघताना, अर्जांवर शिक्के मारताना ताईच्या तोंडून हजारदा वदवून घेतले होते. आता ते खरंच आले होते. तिने करायचं काहीच नव्हतं. गप्प बसायचं, आणि ते तर तिला तीन वर्षं उत्तम जमलं होतं. बाकीचं काम डावा डोळा झकास करत होता. पण ही माफी आली होती एका रडणाऱ्या बहिणीच्या नावाने, आणि तशी कुणी या खोलीत नव्हती. दुसऱ्याच्या नावाचं पाकीट कुणी हक्काने मागितलं, तर छोटीने ते कधी खिडकीबाहेर जाऊ दिलं नव्हतं.

"ताई, मी रडत नव्हते."

"असू दे गं."

"असू दे काय? खरंच नव्हते. ही पापणी आहे. मी डोळ्यांखालच्या पिशव्या काढून घेतल्या. तुझ्या त्या 'काळजी घे म्हणावं'पायी. आणि ऑपरेशन बिघडलं."

ताईने चष्मा लावला. छोटीची हनुवटी धरून तिला खिडकीच्या उजेडात नेलं आणि वहीतली चूक शोधावी तशी ती पापणी तपासली.

"कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही. विकतचं दुखणं."

"आणि या पापणीपायी मी भाषण विसरले? पाच दिवस पाठ करत होते!"

छोटीला हसू फुटलं. ताईलाही फुटलं. दोघी टेबलाला टेकून, हात तोंडावर धरून, बाहेर ऐकू जाईल म्हणून आवाज दाबत हसल्या. मग छोटी म्हणाली, "माफी परत घे हवी तर."

ताई खुर्चीवर बसली. हसू ओसरलं होतं.

"नाही घेत परत. दगड म्हणायला नकोच होतं. पण राग कशाचा होता सांगू? मी एकटीच रडत होते गं. मागे वळून बघावं, तर तू फोनवर. नाहीतर दारात. नाहीतर कुणाला तरी चहा देतेयस. मला वाटायचं, आई माझ्या एकटीचीच होती की काय."

इतके दिवस छोटी स्वतःलाच सांगत आली होती की ताईला नाटक आवडतं, काम आवडत नाही. ताईला तिथे फक्त सोबत हवी होती, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मी बसले असते ना, ताई," ती म्हणाली, "तर उठलेच नसते. म्हणून नाही बसले." उजव्या पापणीत कसलाही दोष नव्हता, डॉक्टरांनी ती अगदी मापात बसवली होती. तरी आता तोही डोळा वाहायला लागला, आणि याचं खापर डॉक्टरांच्या माथ्यावर फोडायची काही सोय नव्हती.

ताई उठली. तिने छोटीच्या मुठीतला रुमाल काढून घेतला, त्याचा कोरडा कोपरा शोधला आणि उजवा डोळा नीट पुसला. मग रुमाल परत तिच्या हातात दिला.

"डाव्याचं तुझं तू बघ," ती म्हणाली.