नुसत्या ‘आमेन’चा संशय

मी एक जुनी सतरंजी आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून टाकते, माझा चटकन कोणावर विश्वास बसत नाही. बसावा तरी कसा? मला विणणाऱ्यानं वरून झकपक लाल-निळे पट्टे काढले आणि आत मात्र कच्चं सूत घातलं. यवतमाळच्या बाजारात दुकानदार छातीवर हात ठेवून म्हणाला, "धुवा, घासा, रंग जाणार नाही." पहिल्याच धुण्यात माझा लाल रंग अर्पिताबाईंच्या पांढऱ्या चादरीला लागला. लबाडी दुकानदाराची, पण बोलणी खाल्ली मी!

आमचं घर लोहाऱ्याला, कारखान्यांच्या मागच्या वस्तीत. सलीलभाऊ तेलाच्या कारखान्यात फिटर, अर्पिताबाई अंगणवाडीत आणि त्यांची एकुलती एक लेक निकिता आता कॉलेजात. कुटुंब ख्रिस्ती. सुरुवातीला मी फक्त पाहुण्यांपुरती निघायचे. निकिता लहान होती, तेव्हा एका रविवारी उपासना संपल्यावर पाळकसाहेब सलीलभाऊंना म्हणाले, "देवळात आठवड्यातून एकदा येता, ते चांगलंच आहे. पण लेकरू वाढते घरात. रोज संध्याकाळी तिघं मिळून बसत जा." सलीलभाऊंनी ते मनावर घेतलं. त्या दिवसापासून दिवेलागणीला टीव्ही बंद, मोबाइल फ्रिजवर पालथे आणि मी घराच्या मधोमध. एक गीत, शास्त्रातला एक उतारा आणि मग पाळीपाळीनं प्रार्थना.

फार सुखाचे दिवस होते ते! निकिता टाळ्या वाजवत गायची आणि गाता गाता माझ्यावरच झोपून जायची. पण मी पडले जमिनीवर, वरच्यांना दिसत नाही ते मला दिसतं. सलीलभाऊ एक डोळा किलकिला ठेवून, पोरगी डोळे मिटते की नाही, ते बघत. अर्पिताबाईंचे गुडघे देवापुढे आणि कान कुकरच्या शिट्टीकडे. आता हे मी कोणाला सांगू?

सलीलभाऊंची प्रार्थना ऐकली की मला तर शंकाच यायची. एरवी हा माणूस राळेगावकडचा, तोंडात सदा ‘मले’ आणि ‘तुले’. पण माझ्यावर गुडघे टेकले की भाषाच पालटायची. "हे परमेश्वरा, आम्हांस क्षमा कर. आम्हांस सुबुद्धी दे. आम्ही तुझी अपात्र लेकरे." मला वाटायचं, घरात दुसराच कोणी येऊन बसला की काय!

निकिता मोठी झाली तशी गप्प होत गेली. तिची पाळी आली की ती म्हणे, "आमेन." बस, एवढंच. माझ्या मनात पाल चुकचुकली. सलीलभाऊंच्याही मनात चुकचुकली. ते तिच्या मोबाइलकडे बघत, मैत्रिणींचे फोन आले की कान टवकारत. शेवटी एका संध्याकाळी त्यांचा धीर सुटला.

"निकिता, तुले प्रार्थनेची लाज वाटते काय?"

"नाही, बाबा."

"मंग तोंड काहून उघडत नाही? देवावर भरवसा नाही राह्यला का तुहा?"

निकितानं मान खाली घातली. तिचे दोन-चार आसू माझ्यावर पडले.

"तुले जबरदस्तीनं बसवून मी देवाले कायले फसवू?" सलीलभाऊ उठले. "उद्यापासून बंद. ज्याले बसाचं त्यानं आपापलं बसावं."

"अवो, असं काय करता?" अर्पिताबाई कळवळून म्हणाल्या. "साऱ्या दिवसात तेवढाच वेळ आपण तिघं एका जागी बसतो."

पण सलीलभाऊंनी स्वतः माझी गुंडाळी केली आणि मला कपाटामागे उभं केलं.

घर त्याच दिवशी बदललं, मित्रांनो. सलीलभाऊ टीव्हीसमोर जेवायचे, निकिता आतल्या खोलीत, अर्पिताबाई ओट्यापाशी उभ्या उभ्या. कोणी भांडत नव्हतं, पण कोणी गातही नव्हतं. मला फार वाईट वाटायचं. आणि खरं सांगू, मला त्या पोरीचाच राग यायचा.

मग थंडीतल्या एका रविवारी, देवळात जायच्या आधी, निकिता कपाटापाशी आली. तिनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, मला काखेत मारलं आणि थेट गच्चीचा जिना धरला. बाप्पा! मी म्हटलं, पाणी कुठंतरी मुरतंय. ही मला भंगारवाल्याला देते, की मैत्रिणींना बोलावून माझ्यावर नाचाचे व्हिडिओ काढते? अर्पिताबाईंनीही पाहिलं होतं. त्या कणकेच्या हातानंच मागे निघाल्या आणि त्यांच्या मागे सलीलभाऊ, अर्ध्या गालावर साबणाचा फेस तसाच. दोघं जिन्याच्या दाराआड थांबले.

निकितानं मला पाण्याच्या टाकीमागे अंथरलं आणि गुडघे टेकले.

"देवा, मी आली. बाबा म्हणतात माहा तुह्यावर भरवसा नाही. तुले तं ठाऊक हाये ना? मले ते ‘आम्हांस’ जमत नाही. लहानपणी मी ‘मले’ म्हणलं, तं बाबा म्हणे, देवासंग असं बोलतात काय, शुद्ध बोल. शुद्ध बोलाले गेली का, मले काय सांगाचं होतं तेच मी इसरून जाते. म्हणून मी गप बसते, अन् मंग इथं येऊन तुह्यासंग बोलते. बाबाचा राग काढून घे, देवा. आमाले पुन्हा एका जागी बसव."

एवढ्या दिवसांत इतकी खरी प्रार्थना मी ऐकली नव्हती. आणि मी तरी किती गुडघे पाहिले असतील!

सलीलभाऊ पुढे आले. तसेच, फेसासकट. माझ्या कडेला गुडघ्यांवर बसले आणि सवयीनं म्हणाले, "हे परमेश्वरा, आम्हांस..." निकिता घाबरून बघत राहिली. मग त्यांनी ते ‘आम्हांस’ तिथंच सोडलं.

"देवा, मले माफ कर. पोरगी तुह्यासंग बोलत होती, अन् मीच तिचं तोंड बंद केलं."

अर्पिताबाई त्या दोघांना धरून ढसाढसा रडल्या. त्या संध्याकाळपासून मी पुन्हा घराच्या मधोमध आहे. आता ज्याला जसं येतं तसं तो बोलतो. देवाची काही तक्रार आल्याचं माझ्या तरी कानावर नाही.

माझा संशयी स्वभाव काही गेला नाही, बरं का! अर्पिताबाई हल्ली बाजारात प्लास्टिकच्या चटयांचे भाव विचारून येतात, हे मला कळलंय. माझ्या कडा उसवल्यात, जमल्यास कोणी दोन टाके घाला. पण त्याहून मोठं एक मागणं आहे, मित्रांनो. तुमच्या घरात कोणी गप्प बसत असेल, तर त्याच्या मनात काय पाप आहे ते शोधत बसू नका. तो बोलला होता तेव्हा आपण त्याला काय म्हणालो होतो, तेवढं आठवून बघा.