टोपलीवरचा दगड

वायरमनकाकांचा राग मुळातच नाकावर, आणि त्या दिवशी तर तो खाली उतरायला तयारच नव्हता. कारण काय, तर एक रिकामी खुर्ची.

नदीच्या या बाजूला गाव वसलं, त्याच्या कितीतरी आधीपासून जे लोक इथे राहत आले, त्यांचा इतिहास गावाला दाखवायचा, हे इथल्या वारसा मंडळाचं काम. मंडळ म्हणजे वाचनालयाच्या माडीवरची एक खोली, सात-आठ हौशी म्हातारे आणि निवृत्त मुख्याध्यापिका बाई. बाईंचा नियम एकच, पण त्यात सूट नाही. प्रदर्शनात प्रत्येक वस्तूशेजारी एक खुर्ची. ज्यांच्या घरातली वस्तू, त्यांच्यातलंच कोणीतरी तिथे बसणार आणि विचारेल त्याला सांगणार. खुर्ची रिकामी असेल तर वस्तू झाकलेली. बाकीची मंडळं चिठ्ठ्या चिकटवून मोकळी होतात; या बाई मात्र आठवड्यातून तीनदा पूल ओलांडून या लोकांच्या पलीकडच्या वस्तीत जायच्या, लोक सांगतील ते ऐकायच्या आणि नाही म्हणाले तर मुकाट परत यायच्या. अशी बाई मिळायला गावाचं नशीब लागतं.

काकांनी वडिलांची टोपली आणली होती. वडील टेलिफोनचे लाइनमन. पन्नास वर्षांपूर्वी पलीकडे तारा ओढताना मिळालेली ही लव्हाळ्याची टोपली त्यांनी जिवापाड जपली. काठ विस्कटलेला दिसला, म्हणून त्यावर तांब्याची तार गुंडाळून तो बांधलाही. टोपलीखाली वडिलांचं नाव लागावं, एवढीच काकांची इच्छा होती. बाईंनी तिचं तोंडभर कौतुक केलं आणि वर फडकं टाकलं.

“खुर्ची भरा, काका. मग फडकं काढते.”

काका तणतणत घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी टोपली पिशवीत घालून स्वतःच पूल ओलांडून पलीकडे पोचले. बाईंनी एका आजींचा पत्ता दिला होता. वस्तीत अजून टोपल्या विणणाऱ्या त्या एकट्याच.

आजींनी टोपली हातात घेतली ती आधी उलटी केली. त्यांच्यात तळाची पहिली गाठ घराघराची वेगळी असते. त्या गाठीवर त्यांनी अंगठा फिरवला.

“माझ्या आत्याची आहे ही,” त्या म्हणाल्या. “काठ विस्कटलेला नाही हो. तो विणायचाच राहिलाय.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. काठ विणण्याआधी लव्हाळं मऊ व्हावं म्हणून आत्याने टोपली नदीत बुडवून ठेवली होती. परत येऊन बघते तर टोपली गायब. मी वर दगड ठेवला होता, असं ती शपथेवर सांगायची, पण कोणी विश्वास ठेवला नाही. महिनाभराचं काम या वेंधळीने नदीत घालवलं, ही बोलणी ती मरेपर्यंत खात राहिली. घरात कोणाच्या हातून काही सांडलं की आजही तिचंच नाव निघतं.

काकांचे वडील हीच गोष्ट पाहुण्यांना रंगवून सांगत. टोपली पाण्यात होती, वर हा एवढा दगड, काढताना बाही कोपरापर्यंत भिजली. बेवारशी पडली होती म्हणत. काकांनी हे लहानपणापासून शंभरदा ऐकलं होतं, आणि बेवारशी टोपलीवर दगड कोण ठेवेल, हा प्रश्न त्यांना आज पहिल्यांदा पडला. बोलायला तोंड उघडलं, पण बोललं की वडील चोर ठरत होते. टोपली तिथेच ठेवून, प्रदर्शनाला या, एवढं सांगून ते निघून आले.

पुढचे तीन दिवस तो दगड त्यांच्या डोक्यातून जाईना. वडिलांनी कामावरून कधी साधा खिळाही घरी आणला नव्हता. मग त्या दिवशी दगड दिसला, आणि दगड ठेवणारं माणूस कसं दिसलं नाही?

प्रदर्शनाच्या सकाळी माडीवर पाय ठेवायला जागा नव्हती. आजी खुर्चीवर बसल्या, त्यांनी तार सोडवून बाजूला ठेवली आणि भिजवलेलं लव्हाळं घेऊन आत्याचा काठ जिथे थांबला होता तिथून पुढे विणायला घेतला. काय त्या बोटांची लय होती. मुलंसुद्धा पुढे सरकून बघत होती. मागच्या रांगेत वस्तीतली माणसं बसली होती, आजींचे थोरले भाऊही.

टोपली या बाजूला आली कशी, असं कोणीतरी विचारलं. नदीने आणली असेल, आजी हात न थांबवता म्हणाल्या. आमची आत्या जरा वेंधळीच होती म्हणतात.

काका उठून उभे राहिले.

“नदीने नाही आणली. माझ्या वडिलांनी उचलली. कोणाला विचारलं नाही.” त्यांनी टोपलीकडे बोट केलं. “आणि वर दगड होता. तो त्यांनीच काढला. आम्हाला नेहमी सांगायचे.”

आजींचे हात थांबले. त्यांनी पदराने डोळे पुसले, अगदी सावकाश. बाईंनी कोपऱ्यातली एक खुर्ची आणून टोपलीच्या दुसऱ्या बाजूला ठेवली, आणि काका तिच्यावर बसले.

“पुन्हा सांगा,” आजी म्हणाल्या. “जरा मोठ्याने. माझ्या भावाला कमी ऐकू येतं.”

काकांनी मागच्या रांगेकडे तोंड केलं आणि खोलीभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “दगड होता.”