तिसऱ्या आग्रहाची वाट

आइंडहोवनच्या मराठी मंडळाचं अध्यक्षपद अरुणला मनापासून हवं होतं. त्यासाठी त्याने अमेरिकेच्या सुरुवातीच्या काळातल्या एका वकील-पुढाऱ्याचं चरित्र वाचून काढलं. हा गृहस्थ प्रत्येक पद आधी दोनदा नाकारायचा आणि तिसऱ्या आग्रहाला मान तुकवायचा. असा तो गव्हर्नरपदापर्यंत पोचला होता.

सभेत अरुणचं नाव पुढे आलं.

"छे हो, माझी कसली लायकी," तो नम्रपणे म्हणाला.

"बरं," निम्मं आयुष्य नेदरलँड्समध्ये काढलेल्या उत्तराताई म्हणाल्या. "धवल, मग तू होतोस का?"

"होतो की," धवल म्हणाला. टाळ्या झाल्या.

घरी बायकोने, मंजूषाने, विचारलं, "श्रीखंड अजून वाढू, की डब्याला झाकण लावू?"

"वाढ," अरुण लगेच म्हणाला.